नाव शेवटी वाचा: सॅक्सोफोनच्या जुन्या माउथपीसवर वाचकांचे प्रश्न

गणपती विसर्जन झालं की पुढचे पंधरा दिवस मला पत्रं येतात, दरवर्षीचंच आहे हे. लक्ष्मी रोडवर उभं राहून प्रभात आणि दरबारचा बँड ऐकायचा, घरी यायचं आणि मग कुणाला आजोबा आठवतात तर कुणाला माळ्यावरची ट्रंक. यंदा गंमत अशी की पत्रांत ना क्लॅरिनेट ना ट्रम्पेट, सगळा सॅक्सोफोन, आणि तोही अख्खा नाही तर नुसता तोंडात धरायचा तुकडा. अख्खं वाद्य मोडीत जातं पण माउथपीस खिशात मावतो म्हणून मागे उरतो, असं आपलं माझं मत.

ज्यांनी कधी हातात घेतला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. रीड म्हणजे बोरूसारख्या पोकळ कांडाची पातळ पट्टी, ती जिथे बसते तो सपाट भाग म्हणजे टेबल, पुढे रीड आणि माउथपीस यांच्यात हळूहळू फट पडत जाते तो बाक म्हणजे फेसिंग, अगदी टोकाची फट म्हणजे टीप ओपनिंग, दोन्ही बाजूंच्या बारीक कडा म्हणजे रेल, आत वरून उतरणारा उतार म्हणजे बॅफल, त्याच्या मागची पोकळी म्हणजे चेंबर, आणि नेकच्या, म्हणजे वाद्याच्या वरच्या वाकड्या नळीच्या, कॉर्कवर चढते ती मागची नळी म्हणजे शँक. आठ शब्द झाले, पुढे यांच्यावरच सगळी भिस्त आहे.

मास्तर, नमस्कार. आजोबा बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. वाद्य आजीनं कधीच मोडीत घातलं, पण माळ्यावर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात दोन माउथपीस मिळाले. एक काळा, म्हणजे आता हिरवट तपकिरी झालाय, त्याच्यावर काहीच वाचता येत नाही. दुसरा धातूचा, त्याच्यावर ओटो लिंक, सुपर टोन मास्टर आणि फ्लोरिडा असं आहे, सोनेरी रंग अर्धा उडालाय. एकानं फोटो बघून दोन्हीचे मिळून पाच हजार देतो म्हणाला. देऊ का? कसं ओळखायचं काय आहे ते? (कसबा पेठेतून)

पहिलं उत्तर, देऊ नका. पाच हजार कमी की जास्त हा मुद्दाच नाही, ज्यानं हातात न घेता, न फुंकता, न मोजता भाव सांगितला त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे किंवा तुमच्याइतकीच कमी आहे, दोन्हीकडून तुमचंच नुकसान.

आता ओळखायचं कसं, तर माझी पद्धत उलटी आहे, मी नाव शेवटी वाचतो. आधी माप. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बॅरिटोन असे चार सॅक्सोफोन आपल्याकडे दिसतात आणि प्रत्येकाचा माउथपीस वेगळा, आजोबा टेनर वाजवायचे की आल्टो ते घरात कुणाला तरी आठवत असेल, नाहीतर ओळखीच्या वादकाच्या नेकवर चढवून बघा, कॉर्कवर घट्ट बसला पाहिजे आणि वाद्य सुरात लागलं पाहिजे. मग साहित्य. तुमचा तो हिरवट तपकिरी आहे ना, तो एबोनाईट असणार, म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून तापवून कडक केलेलं. पुण्यात फाउंटन पेनचा नाद असलेली मंडळी ढिगानं आहेत, त्यांना हे सांगायला नको, जुना एबोनाईटचा पेन खिडकीत ठेवला की असाच चहाच्या रंगाचा होतो. अंगठ्यानं जोरात घासा, अंगठा गरम होईपर्यंत, आणि लगेच वास घ्या, फटाका उडाल्यानंतर येतो तसा वास आला की एबोनाईट, नाही आला तर बहुतेक प्लास्टिक. काही लोक तापवलेली सुई टोचून बघतात, असं करणाऱ्याच्या हातात कृपा करून काही देऊ नका.

नंतर आत बघा, मोबाईलचा टॉर्च मागून लावून. चेंबर मोठा, गोल, गुहेसारखा असेल आणि बॅफल जवळजवळ नाहीच असा असेल तर तो जुन्या घडणीचा. सॅक्सोफोन काढणारा अडोल्फ साक्स यानं १८४६ मध्ये पॅरिसला पेटंट घेतलं तेव्हाचे माउथपीस लाकडी आणि आतून असे मोठ्या पोकळीचेच होते, आणि १९२० च्या दशकापर्यंत वाद्यासोबत जे फुकट यायचे तेही साधारण याच वळणाचे, आवाज मऊ, गडद, खोलीत वाजवायचा. पुढे मोठमोठे डान्स बँड आले, ट्रम्पेटच्या रांगेपुढे टेनरवाल्याला ऐकू जायचं होतं, मग चेंबर आवळत गेला आणि बॅफल उंच होत गेला, कारण हवेची वाट अरुंद केली की आवाजाला धार येते. म्हणजे आतून बघितलं तरी दशकाचा अंदाज बांधता येतो, नाव असो नसो. तुमच्या बिननावी तुकड्याला म्हणूनच हलका समजू नका.

आता नाव. ओटो लिंक हे न्यूयॉर्कचे, १९३० च्या दशकात मास्टर लिंक, फोर स्टार असे त्यांचे धातूचे माउथपीस यायचे, १९४० च्या दशकात टोन मास्टर, मग सुपर टोन मास्टर, आणि कंपनी पुढे फ्लोरिडाला गेली. १९७० च्या दशकात ती अमेरिकेतल्याच एल्कहार्टच्या बॅबिट कंपनीनं घेतली आणि ते आजही हेच नाव घालून विकतात, त्यामुळे नुसतं ओटो लिंक वाचून उड्या मारू नका, कालच दुकानातून आणलेल्यावरही तेच असतं. जमवणारे लोक फ्लोरिडाच्या काळातल्या तुकड्यांसाठी वेडे आहेत, शँकवर यूएसए असा शिक्का आहे की नाही हेसुद्धा भिंग लावून बघतात, नसेल तर आधीचा धरतात. जाझचा मोठा टेनरवादक जॉन कोल्ट्रेन धातूचा ओटो लिंक वाजवायचा, त्यामुळे भावाला जे काही होतं ते होतं.

तो अमेरिकेतून कसब्यात कसा आला हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण मी सांगणारच. १९३५ मध्ये अमेरिकेच्या लिऑन अ‍ॅबी यांचा जाझ बँड मुंबईत ताजमध्ये वाजवायला आला होता, नंतर बरेच आले, गोव्याचे वादक त्यांच्या शेजारी बसून शिकले आणि पुढे हॉटेलात आणि सिनेमाच्या स्टुडिओत वाजवू लागले. इकडे आपल्या कॅम्पात, खडकीत लष्कराचे बँड होतेच. सामान हातोहात फिरायचं. फक्त एक सावधगिरी, जुन्या बाजारात कुठलाही माउथपीस उचला, विकणारा सांगणार की हा हिंदी सिनेमाचे सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग यांचा. मनोहारीदांनी तेवढे वापरले असते तर त्यांना वाजवायला वेळ मिळाला नसता.

आणि तो सोनेरी रंग पुन्हा चढवायला जाऊ नका. सोन्याचं पाणी देण्याआधी पॉलिशवाला बफिंगच्या चाकावर धरतो, चाकाला रेल आणि टीप कळत नाही, कडा गोल होतात आणि संपलं. माझा एक असाच गेलाय, परत आला तेव्हा लग्नातल्या दागिन्यासारखा चमकत होता आणि फुंकला तर बदकासारखा ओरडत होता. कळकलेला भाग असेल तर कोमट साबणाच्या पाण्यानं, मऊ ब्रशनं, एवढंच.

शेवटचं, दोघांना एका डब्यात ठेवू नका. का ते खाली औंधच्या काकूंच्या उत्तरात आहे.

सर, मी जुना काळा माउथपीस निर्जंतुक करायला उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवला, तो शेवाळी रंगाचा झाला आणि घरभर वास सुटला. आता काय करू? (सिंहगड रस्ता)

दादा, रडू नका, मीही केलंय. आमच्याकडे तेव्हा बंब होता, आंघोळीच्या कडकडीत पाण्याच्या तांब्यात मी माझा टेनरचा माउथपीस टाकला आणि विसरलो. एबोनाईटला उष्णता सोसत नाही, ते मऊ पडतं आणि आकार सोडतं, आणि गरम पाण्यानं पृष्ठभागावरचा गंधक बाहेर येतो म्हणून तो रंग आणि तो वास. रंग गेला त्याचं दुःख सोडून द्या, रंगानं सूर जात नाही. बघायचं हे की टेबल वाकलं का. जाड काचेवर टेबल टेकवा, टिपॉयची काच चालेल, आणि हलकेच डुगडुगतं का बघा, काचेच्या खालून बघितलं तर कुठे टेकतंय तेही दिसतं. माझा डुगडुगत होता.

तुमचा नसेल डुगडुगत तर नशीबवान. थंड पाण्यात साबणानं धुवा, चवीला आंबटसर लागत असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून परत धुवा, उजेडानं एबोनाईटवर आम्लाचा पातळ थर येतो तो त्यानं मारला जातो. काळा करायला बूटपॉलिश, काजळी, केसांचा कलप असलं काही लावू नका, हो, कलपाचं पत्र मला खरंच आलं होतं मागे एकदा, आणि ते तोंडात जातं हो. आत पांढरा क्षार साचला असेल, बोअरच्या पाण्याच्या बादलीला बसतो तसा, तर व्हिनेगरमध्ये दुप्पट पाणी घालून कापसाच्या बोळ्यानं फक्त तेवढ्या जागेवर लावा, खरवडू नका, सुरी तर नाहीच.

हाय सर! मी बुधवारी जुन्या बाजारातून एक पांढरा माउथपीस घेतला, साडेतीनशेला. दुकानदार म्हणाला हस्तिदंताचा आहे. खरंच असेल का? त्यावर ब्रिलहार्ट असं काहीतरी वाटतंय. (कर्वेनगर)

तू आधी आनंदाची बातमी ऐक, हस्तिदंत नाही. असता तर पंचाईत होती, हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे कायद्यानं बंद आहे. अर्नोल्ड ब्रिलहार्ट नावाचे अमेरिकन वादक होते, त्यांनी प्लास्टिकचे माउथपीस काढले, पांढरा तो टोनॅलिन आणि काळा, वर दाताखाली पांढरी चकती असलेला तो एबोलिन. त्या काळात प्लास्टिक म्हणजे हलकं, स्वस्त असं कुणी समजत नव्हतं, उलट नवलाईचं साहित्य होतं, आणि जाझमधला चार्ली पार्करसारखा माणूस पांढरा ब्रिलहार्ट वाजवायचा, त्याच्या फोटोत दिसतो बघ. अंगावर ग्रेट नेक असं गावाचं नाव कोरलेलं असेल तर तो जुना, कार्ल्सबाड असेल तर नंतरचा.

पण तू आता नावावरून खूश होऊ नकोस, शँक बघ. या पांढऱ्या प्लास्टिकला शँकवर उभी चीर जायची खोड आहे, लोक सुक्या कॉर्कवर दामटून चढवतात त्यानं होते. नखानं चाचपून बघ, चीर बारीक असेल तर हवा तिथून निसटते आणि तुला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. चीर असेल तरी फेविक्विक ओतू नकोस, नेहमीसारखा. आणि कॉर्कला ग्रीस लावत जा रे, तुमच्या पिढीला ग्रीस म्हटलं की हात घाण होतात.

साडेतीनशेत चीर नसलेला मिळाला असेल तर तू रविवारी मला बरोबर घेऊन चल, बाजार त्या दिवशीही भरतो.

एका ओळीचा प्रश्न: माउथपीसवर ११० / २ असे आकडे आहेत, दुसऱ्यावर सी आणि चांदणी. कुठला मोठा? (बिबवेवाडी)

पहिला बर्ग लार्सन असणार, इंग्लंडचा. ११० म्हणजे टोकाची फट इंचाच्या हजारांश भागात, म्हणजे साधारण २.८ मिलिमीटर, आणि २ म्हणजे चेंबर, त्यांच्याकडे ० सगळ्यात धारदार आणि ३ सगळ्यात गडद. दुसरा सेल्मर, पॅरिसचा, सी म्हणजे फट आणि चांदणी म्हणजे त्याहून किंचित जास्त, सी स्टार म्हणतात त्याला, नवशिक्याच्या हातात बहुतेक शिक्षक हाच देतात. मोठा अर्थातच ११० वाला. पण एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीला लावू नका, सगळ्यांचं एक माप असं कधी नव्हतंच. ओटो लिंकचा टेनरचा ५ म्हणजे ८० च्या आसपास आणि मेयरचा आल्टोचा ५ म्हणजे ७१ च्या आसपास, चपलेचा नंबर जसा कंपनीगणिक बदलतो तसं. आणि जुन्या तुकड्यावर आकडा असला तरी मधल्या सत्तर वर्षांत कुणी घासून फट वाढवली असेल तर तो आकडा आता खोटा झालेला असतो, हे पुढच्या पत्रात आलंच आहे.

मास्तर, मी बँडमध्ये टेनर वाजवतो. वडिलांचा धातूचा माउथपीस आहे, जुना. हल्ली खालचे सूर लागत नाहीत आणि मध्येच किंचाळतो. एकजण म्हणाला पॉलिश पेपरवर घासून टेबल सरळ करून देतो, दोनशे रुपये. दुसरा म्हणतो हात लावू नको, भाव पडेल. कोणाचं ऐकू? (मंगळवार पेठ)

भाऊ, दोघांचंही लगेच ऐकू नका. तुमचं पत्र मला सगळ्यात आवडलं कारण तुम्ही वाजवता, बाकीचे बघतात.

आधी गुन्हेगार कोण ते शोधा. माउथपीस म्हातारा होत नाही, तुम्ही आणि मी होतो. धातूचा तुकडा आपोआप बिघडत नाही, पडला असेल, दात लागून झिजला असेल किंवा कुणी घासला असेल तरच बिघडतो. म्हणून आधी वाद्याचं पॅड, म्हणजे भोकावर बसणारी गादी, गळतंय का बघा, मिरवणुकीत भिजलं असणार, खालचे सूर न लागण्याचं कारण दहात सात वेळा तिथेच निघतं असा माझा अनुभव. मग रीड बदला, पावसाळ्यात रीड फुगते, वाकते. मग ही परीक्षा करा: रीड ओली करून नीट बसवा, लिगेचर, म्हणजे रीड धरून ठेवणारा पट्टा, आवळा, शँकचं तोंड तळहातानं पक्कं बंद करा आणि पुढून हवा ओढून घ्या, तोंडातून काढल्यावर रीड क्षणभर चिकटून राहिली आणि मग टप्प असा आवाज करून सुटली तर टेबल आणि रेल ठीक आहेत. लगेच सुटली, आवाजच नाही, तर कुठूनतरी हवा जाते. दोन-तीन वेगवेगळ्या रीड लावून करा, एकीवर फाशी देऊ नका.

ही परीक्षा नापास झाला तर मोजायचं. नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात फिलर गेज मिळतो, मेकॅनिक प्लगचा गॅप बघतात तो. माउथपीस काचेवर टेबलाच्या बाजूनं ठेवायचा आणि टोकाकडून सगळ्यात पातळ पात हळूच आत सरकवायची, जिथे अडकेल तिथे फेसिंग सुरू होतं. खरे कारागीर यासाठी अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा आखलेली काच वापरतात आणि ०.००१५ इंचाची पात, काचेवर ४६ वाचलं म्हणजे फेसिंग २३ मिलिमीटर लांब. आपण काचेखाली आलेखाचा कागद ठेवला तरी चालतं. बघायचं काय, तर पात डावीकडे जेवढी आत जाते तेवढीच उजवीकडे जाते का. एकीकडे कमी एकीकडे जास्त असेल तर रेल वाकडी, आणि किंचाळणं तिथून येतं. मग जाड पात, आणखी जाड, असं चार-पाच ठिकाणी, आणि वहीत लिहून ठेवा. हे आकडे म्हणजे त्याची जन्मपत्रिका, घासण्याआधी लिहिली नाही तर नंतर कुणालाच सांगता येणार नाही तो मूळचा कसा होता.

आता तो दोनशेवाला. टेबल सरळ करणं म्हणजे नुसतं पॉलिश पेपरवर फिरवणं नव्हे, टेबल खाली गेलं की टोकाची फट कमी होते आणि फेसिंगचा बाक पण बदलतो, एक जागा घासली की तीन जागा परत बसवाव्या लागतात. ज्यानं न मोजता घासतो म्हटलं त्याला नमस्कार करा. मी पूर्वी समजायचो की नावाजलेला तुकडा मूळ फेसिंगचाच असावा, कुणी हात लावलेला असला की मी घ्यायचोच नाही. आता तसं वाटत नाही. जुने कारखाने हातानं घासायचे, सोमवारचा एक आणि शनिवारचा एक, मूळ असूनही वाकडे निघतात, आणि चांगल्या कारागिरानं नीट केलेला तुकडा मूळच्यापेक्षा सरस वाजतो. जमवणाऱ्याचा भाव पडतो हे खरं, पण तुम्हाला तो कपाटात ठेवायचाय की विसर्जनाला वाजवायचाय? वाजवायचा असेल आणि मोजमापात खरंच वाकडा निघाला, तर मोजून काम करणाऱ्याकडे द्या. आणि कपाटात ठेवायचा असेल तर वाजवायला साधा यामाहाचा ४सी घ्या, तीन रांगा मागून सुद्धा ऐकू जातो.

ओळखायची खूण पण सांगतो, विकत घेताना उपयोगी पडेल. आधी कुणी घासलेला असेल तर टेबलावर एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात, टोकाची कड कुठे जाड कुठे पातळ होते, आणि कधी कधी जुना आकडा खोडून शेजारी नवा कोरलेला असतो. पांढऱ्या मऊ धातूचे डुकॉफ असतात ते तर नुसते पडले तरी टोकाला पोचा येतो, बॉबी डुकॉफ यांचे हॉलिवूडचे तुकडे फार मागणीत आहेत, जाझचा टेनरवादक डेक्स्टर गॉर्डन वाजवायचा ते, पण टोक धडधाकट असलेला मिळेपर्यंत माणसाचे केस पिकतात.

सर, मला अमेरिकेतून भाच्यानं जुना माउथपीस आणलाय, टेनरचा म्हणून. माझ्या टेनरवर बसत नाही, आल्टोवर ढिला होतो. खराब आहे का? (पिंपळे सौदागर)

खराब नाही, तो तिसऱ्याच वाद्याचा आहे. १९१० आणि १९२० च्या दशकात अमेरिकेत सी मेलडी नावाचा सॅक्सोफोन घरोघरी होता, आल्टोची पट्टी ई फ्लॅट आणि टेनरची बी फ्लॅट असते म्हणून पियानोचं पुस्तक बघून सरळ वाजवता येत नाही. सी मेलडीची पट्टी मात्र पियानोसारखी सी, त्यामुळे घरातली ताई पियानोवर बसली की दादानं मागे उभं राहून तिच्याच कागदावरून वाजवायचं. आकारानं आल्टो आणि टेनरच्या मधला, माउथपीसही मधला. १९३० च्या आसपास ते बनणं बंद झालं आणि लाखो माउथपीस जगभर अनाथ फिरतायत, टेनर म्हणून विकले जातात. भाच्याला बोलू नका, हौसेनं आणलाय. वाद्य सापडेपर्यंत नीट ठेवा.

नमस्कार. माझे यजमान सॅक्सोफोन वाजवायचे, मागच्या वर्षी गेले. त्यांचे चौदा माउथपीस आहेत, काही धातूचे, काही काळे, एका कप्प्यात आहेत. विकायचे नाहीत. मुलगा बाहेर आहे, त्याला कधीतरी हवे असतील. कसे सांभाळायचे एवढंच सांगा. (औंध)

काकू, आधी सगळे वेगळे करा. काळे एबोनाईटचे आणि चांदीचा मुलामा असलेले एकत्र ठेवायचे नाहीत, एबोनाईट हळूहळू गंधक सोडत राहतं आणि चांदी गंधकानं काळी पडते, अंड्यानं चांदीचा चमचा काळा पडतो ना, तसंच. म्हणून काळे एका डब्यात, धातूचे दुसऱ्या डब्यात. प्रत्येकाला सुती कापडाची छोटी पिशवी शिवा, जुन्या मलमलीच्या साडीची छान होते. रबरबँड लावू नका, त्यातही गंधकच. खिडकीजवळ नको, ट्यूबलाइटच्या उजेडातलं शोकेस तर नकोच, एबोनाईटचा शत्रू उजेड आहे. पावसाळ्यात कपाट ओलं होत असेल तर बुटाच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या धातूच्या डब्यात टाका.

पॉलिश करू नका, ब्रासो तर अजिबात नाही, मुलामा असा पातळ असतो की चार वेळात खालचं पितळ दिसतं. त्यांनी एखाद्याच्या वर दाताखाली काळी रबरी चिकटपट्टी लावली असेल तर ती काढू नका, कुठला तुकडा ते खरोखर वाजवायचे ते तिच्यावरच्या दातांच्या खुणांवरून कळतं, मुलाला आधी तोच द्या.

आणि एक काम आता, आठवणी ताज्या आहेत तोवर. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी, कुठला माउथपीस कुठून आणला, कधी, आल्टोचा की टेनरचा, कुणाकडून घेतला, त्यांनी त्याला काय नावं ठेवली, वादक लोक नावं ठेवतातच. नसेल माहीत तर फक्त माहीत नाही असं लिहा. लिगेचर आणि टोप्या टाकू नका, दिसायला भंगार वाटतं पण ज्याची त्याला बसते, एकाची टोपी दुसऱ्याला लागत नाही. घाईनं जुळवू नका, जोर न लावता बसेल तीच जोडी. सगळ्यांच्या जोड्या लागून एखादी टोपी उरली तर तीही ठेवा, आणि पंधरावा माउथपीस घरात अजून कुठे आहे का ते बघा, बहुतेक सॅक्सोफोनच्या पेटीतल्या ग्रीसच्या कप्प्यात असतो.